बेटावरचे दगडी पंच

एका राज्यात आमराया होत्या, शेजारच्या राज्यात तलाव होते, आणि दोहोंच्या मधोमध एक भांडण होते. आमरायांचे राज्य पूर्वेला. त्याचे नाव हेमगिरी, राजा धैर्यकेतू. तलावांचे राज्य पश्चिमेला. त्याचे नाव नीलपठार, राणी कमळजा. मधून कादंबा नदी वाहत असे, आणि पूर्वजांनी ताम्रपटावर कोरून ठेवले होते की नदी हीच दोन्ही राज्यांची शीव. वाचायला किती सोपे! पण नदीला कोण वाचून दाखवणार? ती कधीतरी आपले जुने पात्र सोडून पूर्वेकडे सरकली. कशी सरकली हे पाहणारे डोळे केव्हाच मिटून गेले होते. जुन्या पात्रात होडी चालण्याइतके संथ पाणी उरले, नव्या पात्रातून खळाळता प्रवाह निघाला, आणि दोन पाण्यांच्या मध्ये चार कोसांचे बेट तयार झाले.

राजा म्हणे, शीव जुन्या पात्रात, म्हणून बेट माझे. राणी म्हणे, नदी आहे तिथे शीव, म्हणून बेट माझे. बेटावर शंभरेक घरे कोळ्यांची होती, त्यांना कोणी काही म्हणायला सांगितले नाही.

चाळीस वर्षांपूर्वी या बेटावर दोन्ही सैन्ये भिडली. झोपड्या जळाल्या. तिथे भृंगनाथ नावाचा मांत्रिक राहत होता, त्याचीही झोपडी जळाली. तो राखेतून उठला आणि शांतपणे म्हणाला, “तुमच्या आगीला इथे जागा नाही. या बेटावर आता विस्तव पेटणार नाही, आणि इथे चुकीचा निवाडा देईल तो दगड होईल. ज्याची चूक आहे त्याने ती स्वतः कबूल करावी, मग विस्तवही पेटेल आणि दगडही उठतील.” एवढे बोलून तो उत्तरेकडे निघून गेला. जाताना आपली टिटवी मागे ठेवून गेला. त्या दिवसापासून बेटावर चूल पेटेना. लोक भिजवलेले पोहे आणि उन्हात वाळवलेली मासळी खाऊ लागले.

राजाला वाटले, चूक राणीची. राणीला वाटले, चूक राजाची. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय राजवाड्यांतही चालतोच.

आता अशा भांडणांसाठी त्या काळी एक सोय होती. दक्षिणेला शमीपूर नावाचे चिमुकले राज्य होते. त्याच्याकडे सैन्य नव्हते, सोन्याच्या खाणी नव्हत्या, पण पंच होते. ज्या दोन राज्यांचे आपसात जमत नसे, ती तिसऱ्याकडे, म्हणजे शमीपुराकडे येत. पंच जाऊन शीव ठरवी. निवाड्याच्या शेवटी तो म्हणे, “इकडचे इकडे, तिकडचे तिकडे,” आणि काम संपे. मग हरलेला पक्ष आपल्या हाताने ‘मी हरलो, माझे समाधान आहे’ असे पत्र लिहून देई. त्याला यजितखत म्हणत. ते मिळेपर्यंत निवाडा पुरा होत नसे. आणि शमीपूरचा आणखी एक नियम होता, त्याचा त्यांना फार अभिमान होता. पंचाचा शब्द एकदा तोंडातून गेला की फिरत नाही.

बेटासाठी शमीपूरने तीन पंच पाठवले. पहिल्याने सांगितले, आजची नदी ही शीव. तो दगड झाला. दुसऱ्याने सांगितले, जुने पात्र ही शीव. तोही दगड झाला. तिसऱ्याने बेटाच्या मधोमध रेघ ओढली आणि अर्धे अर्धे वाटून दिले. त्याचाही दगड झाला. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसऱ्याच्या वाट्याला हे आले.

तिसरा पंच तेवीस वर्षांचा होता. त्याचे नाव शार्ङ्गधर. त्याची थोरली बहीण मृडानी हीही पंच होती. आईवडिलांच्या मागे तिनेच त्याला वाढवले, तिनेच पंचाची विद्या शिकवली. तो दगड झाल्यावर सात वर्षे ती रोज सकाळी दोन ताटे घेई आणि एक परत ठेवी.

सात वर्षांनी दोन्ही राज्यांचे दूत पुन्हा शमीपुरात आले. सभेत सगळे पंच आपापल्या पायांकडे बघू लागले. ते पाय अजून मांसाचे होते, आणि तसेच राहावेत अशी त्यांची इच्छा होती. तेव्हा मृडानी उठली.

“मी जाते,” ती म्हणाली.

“तिन्ही उत्तरे देऊन झाली आहेत,” वृद्ध सभापती म्हणाले. “चौथे कुठून आणशील?”

“माझा भाऊ तिथे उभा आहे,” ती म्हणाली. “उत्तर तिथेच असेल.”

ती बेटावर पोचली तेव्हा तिन्ही दगड ओळीने उभे होते. शार्ङ्गधराचा चेहरा दक्षिणेकडे, घराच्या दिशेला होता. ओठ किंचित उघडे होते. मृडानीने पदराने त्याच्या कपाळावरची धूळ पुसली. तिला रडू आले, आणि ती रडली. मग तिने डोळे पुसले आणि कामाला लागली.

दगडाच्या खांद्यावर टिटवी बसली होती. ती म्हणाली, “चौथी आलीस?”

“आले. पंचाची तीन कामे करीन. दोन्ही पक्षांची मान्यता, साक्षीदाराची साक्ष, आणि शीव पायांनी चालणे.”

“त्यांनीही हेच केले,” टिटवी म्हणाली. “कर.”

पहिले काम मान्यतेचे. निवाडा होईल तो मान्य, असे राजा आणि राणी या दोघांनी आधी लिहून द्यायचे. बेटावर शाई अशी होती की मनात नसलेले लिहिले तर अक्षरांच्या मुंग्या होऊन चालत्या होत. राजाने पहिले पत्र लिहिले. पाहता पाहता ओळच्या ओळ उठली आणि कागदाच्या कडेवरून खाली उतरून गेली. राणी हसली. मग राणीने लिहिले, आणि तिच्याही मुंग्या राजाच्या मुंग्यांमागे गेल्या.

“राणीने आधी लिहावे,” राजा म्हणाला.

“राजाने आधी लिहावे,” राणी म्हणाली.

मृडानीने एक लांब कागद घेतला. प्रवाहाच्या मधोमध होडी नांगरली. कागदाचे एक टोक राजाच्या हातात दिले, दुसरे राणीच्या. “दोघांनी एकदम सुरू करा,” ती म्हणाली. “आणि एकमेकांकडे बघत लिहा. खोटे लिहायचे असेल तर समोरच्याच्या तोंडाकडे बघून लिहा.”

दोघांनी लिहिले. राजा साठीचा, राणी साठीची, आणि इतक्या जवळून त्यांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते. राजाला दिसले की राणीचे केस पिकले आहेत. राणीला दिसले की राजाला आता चष्म्यावाचून लिहिता येत नाही. शेवटची ओळ पूर्ण झाली तेव्हा एकही अक्षर हलले नाही.

दुसरे काम साक्षीचे. शमीपूरचा कायदा असा की नदी हळूहळू सरकली तर शीव तिच्या पदराला धरून सरकते, पण नदीने एकदम उडी मारली तर शीव मागेच राहते. म्हणजे नदी कशी सरकली, हे कळले पाहिजे. टिटवी म्हणाली, “जुन्या पात्राच्या डोहात एक कासव आहे. त्याने पाहिले आहे. पण ते दिवसाला एकच शब्द बोलते. पहिला पंच एक दिवस थांबला, दुसरा दोन दिवस, तुझा भाऊ तीन दिवस.”

मृडानी डोहाकाठी बसली. पहिल्या दिवशी कासवाने मान बाहेर काढली आणि म्हटले, “कूस.” दुसऱ्या दिवशी म्हटले, “बदलली.” तिसऱ्या दिवशी म्हटले, “नदीने.” एवढे ऐकून शार्ङ्गधर उठला असणार. तो लहानपणीही भात निवेपर्यंत थांबत नसे. ती थांबली. चौथ्या दिवशी कासव म्हणाले, “एका.” पाचव्या दिवशी म्हणाले, “पुरात.” आणि मान आत घेऊन झोपी गेले.

हा सूर्य आणि हा जयद्रथ. नदीने उडी मारली होती. शीव जुन्या पात्रातच राहिली होती. दुसऱ्या पंचाने हेच सांगितले होते खरे, पण अर्धीच साक्ष ऐकून, अंदाजाने. म्हणून त्याचा दगड झाला असणार, असे मृडानीने मनाशी ठरवले. तिचे मन हलके झाले.

तिसरे काम शीव चालण्याचे. पंचाने अनवाणी, डोक्यावर मातीचे ढेकूळ घेऊन सगळी शीव चालायची. पाऊल खोटे पडले तर ढेकूळ जड होते. आणि चालताना कोणाशी बोलायचे नाही, कोणाचे ऐकायचे नाही, नाहीतर पंचाचे मन एका बाजूला झुकते असे शमीपूरची माणसे मानत.

मृडानी जुन्या पात्राच्या काठाने निघाली. वाटेत एका घरापुढे एक बाई होडीला डांबर फासत होती. तिच्या मागे थंड चूल दिसत होती. काळ्या मातीची, सारवलेली, पण एकदाही न पेटलेली. बाईने हात पुसले आणि ती आडवी आली.

“बाई, मी राही. येक डाव माझं गाऱ्हाणं ऐका.”

मृडानी चालत राहिली.

“तुमच्या आदी आलं हुतं त्येबी असंच गेलं,” राही तिच्या बरोबरीने चालत म्हणाली. “शंबर घरं हाईत हितं, पर आमाला इचारलं न्हाई कुनी.”

मृडानीने मान वळवली नाही. डोक्यावरचे ढेकूळ एकाएकी जड झाले, घागरीएवढे. तिला वाटले, पाऊल चुकले. तिने पाऊल नीट काठावर टाकले आणि दात दाबून चालत राहिली. ढेकूळ काही हलके झाले नाही. राही दमून मागे थांबली. चार कोसांनंतर मृडानीने ते ओझे उतरवले तेव्हा तिची मान अवघडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेटावर सभा भरली. एका बाजूला राजा, एका बाजूला राणी, मागे त्यांचे पहारेकरी, आणि लांब झाडांखाली कोळी उभे. मृडानीने कासवाची साक्ष सांगितली. मग ती म्हणाली, “नदीने एका पुरात कूस बदलली. म्हणून शीव जुन्या पात्रात आहे. बेट हेमगिरीच्या राजाचे. इकडचे इकडे, तिकडचे तिकडे.”

राजाने मिशीवर हात ठेवला. राणीने डोळे मिटून घेतले. आणि मृडानीला आपल्या तळव्यांखाली गारवा जाणवला. तिने खाली पाहिले. पायांची बोटे राखाडी झाली होती.

“हे कसे?” ती म्हणाली. “रेघ खरी आहे.”

दगड घोट्यांवर आला, मग गुडघ्यांवर. राजाचे लोक कुजबुजू लागले, राणीचे लोक माना हलवू लागले. राणी म्हणाली, “म्हणजे बेट माझेच.” राजा म्हणाला, “म्हणजे पंच खोटी.” दोघांनाही फार वाईट वाटलेले दिसले नाही.

दगड कमरेपर्यंत चढला. मृडानीने शार्ङ्गधराकडे पाहिले. त्याचे ते किंचित उघडे ओठ सात वर्षे असेच होते, आणि सगळे म्हणत की भीतीने उघडे राहिले.

“टिटवी,” तिने विचारले, “माझा भाऊ शेवटी काय बोलला?”

टिटवी दगडाच्या खांद्यावरून उतरून तिच्यापुढे आली. “दगड गळ्याशी आला तेव्हा तो म्हणाला, ‘माझे काहीतरी चुकले आहे, मी सांगून टाकतो.’ त्याने तोंड उघडले. मग म्हणाला, ‘पण अक्काला काय वाटेल?’ आणि तेवढ्यात दगड ओठांवर आला.”

पंचाचा शब्द फिरत नाही, हे त्याला कोणी शिकवले होते? आठ वर्षांच्या पोराला पाटावर समोर बसवून, पाठ होईपर्यंत, कोणी म्हणून घेतले होते? मांत्रिकाने त्याचा अर्धा दगड केला असेल, उरलेला अर्धा तिने केला होता. हे तिला अगदी स्वच्छ दिसले, आणि असे काही दिसले की माणसाला दुसरे काही सुचत नाही.

“मी चुकले,” ती म्हणाली.

शमीपूरच्या पंचाच्या तोंडून हा शब्द त्या दोन्ही राज्यांत कोणी ऐकला नव्हता.

“मी चुकले,” ती पुन्हा, मोठ्याने म्हणाली. “माझा निवाडा चुकला. कुठे चुकला ते मला कळत नाही. राही कुठे आहे? तिला काल मी ऐकले नाही. तिला पुढे येऊ द्या.”

दगड तिच्या छातीशी येऊन थांबला.

राही गर्दीतून पुढे आली. आधी ती राजाकडे बघून गांगरली, राणीकडे बघून गांगरली, मग मृडानीच्या दगडी गुडघ्यांकडे बघून तिला कळवळा आला आणि तिची भीती गेली.

“बाई, माझी लेक त्या अंगाला दिलीया, राणीसायबांच्या मुलखात,” ती म्हणाली. “आमचा देव त्या अंगाला हाय, बाजार ह्या अंगाला हाय, आन मासा काय, त्यो दोनी पान्यांत फिरतुया. सात वर्सांमागं मदी रेघ वढली आन म्हनाले, हिकडचं हिकडं, तिकडचं तिकडं. दोनी काठांवर पहारं बसलं. लेकीला पोर झालं, त्ये आता चालतं म्हनं. म्या बघितलं न्हाई.” ती थांबली. “रेघ कुठंबी वढा वो. माती राजाची ऱ्हाऊ द्या न्हाईतर राणीची. आमची होडी त्येवढी तिच्यावरनं जाऊ द्या.”

मृडानी ऐकत होती. चारही निवाडे वेगवेगळे होते, पण चौघांचे शेवटचे वाक्य एकच होते. कोणालाही ते तपासावेसे वाटले नव्हते, कारण ते निवाड्याचा भाग वाटतच नव्हते. ती नुसती म्हणायची रीत होती.

“कागद आणा,” ती म्हणाली.

तिचे हात अजून मोकळे होते. तिने लिहिले: मी शमीपूरची पंच मृडानी, माझ्या हाताने हे यजितखत लिहून देते. रेघ मी खरी ओढली, पण तिच्यावर भिंत बांधली, ती चूक. ज्यांच्या उंबऱ्यावरून रेघ जाते त्यांना मी विचारले नाही, ती चूक. मी हरले, माझे समाधान आहे.

अक्षरे हलली नाहीत.

मग तिने निवाडा नव्याने सांगितला. “शीव जुन्या पात्रात. बेटाची माती हेमगिरीची. पण या रेघेवरून होड्या, जाळी, गुरे, वराती, माहेरवाशिणी आणि देवाच्या पालख्या पूर्वी जात तशा जातील. राजाचा पहारा त्यांना अडवणार नाही, राणीचा पहाराही अडवणार नाही. जुन्या पात्रातला मासा ज्याच्या जाळ्यात येईल त्याचा.”

नेहमीचे शेवटचे वाक्य तिने उच्चारले नाही. सगळे त्याची वाट पाहत राहिले, आणि मग वाट पाहणे सोडून दिले.

राणी कमळजा पुढे आली. ती हरली होती, आणि हरणे कोणाला गोड लागते? पण समोर एक बाई छातीपर्यंत दगड होऊन ‘मी चुकले’ म्हणत उभी असताना नाक वर ठेवणे राणीलाही जड गेले. “कागद इकडे द्या,” ती म्हणाली. तिने लिहिले: बेटावर माझा हक्क नव्हता. मी हरले, माझे समाधान आहे. शेवटचा शब्द लिहिताना एक मुंगी झाली. राणीने तिच्याकडे पाहिले, तो शब्द पुन्हा लिहिला, आणि या वेळी तो राहिला.

राजा धैर्यकेतू म्हणाला, “मी तर जिंकलो आहे.”

“हो,” राणी म्हणाली.

राजाने राहीकडे पाहिले. मग तो आपल्या पहारेकऱ्यांकडे वळला, आणि त्याचा चेहरा उतरला. “सात वर्षे एका आईला लेक भेटू दिली नाही, आजीला नातवंड दिसू दिले नाही, ते माझ्याच माणसांनी,” तो म्हणाला. “जिंकलेल्याने यजितखत लिहायची रीत नाही. पण मी लिहितो.” आणि त्याने लिहिले.

तिसऱ्या कागदावरची शाई वाळली आणि शाप सुटला. गडगडाट झाला नाही, वीज चमकली नाही. उन्हात ओले अंगण वाळावे तसा दगड मृडानीच्या अंगावरून उतरत गेला. पहिला पंच शिंकला. दुसरा खाली बसला आणि पाय चोळू लागला. कोळ्यांच्या वस्तीत कोणीतरी गारगोटी घासून पाहिली, ठिणगी पडली, आणि बायकांचा एकच गलका उठला. राहीने मात्र चुलीकडे पाहिलेही नाही. डांबर ओले असतानाच तिने होडी पाण्यात लोटली आणि ती पलीकडे निघाली. पलीकडच्या काठावरचा राणीचा पहारेकरी सवयीने भाला आडवा करणार होता. राणीने अलीकडून हाताने खूण केली, आणि तो होडी ओढून घ्यायला पाण्यात उतरला. टिटवीने बेटावर एक गिरकी घेतली आणि ती उत्तरेला, आपल्या धन्याकडे गेली.

शार्ङ्गधराचे ओठ हलले. सात वर्षे अडलेला शब्द त्याने आधी बाहेर काढला.

“मी चुकलो, अक्का.”

“मी तुझ्या आधी चुकले,” मृडानी म्हणाली, आणि त्याला पोटाशी धरले.

दोघे शमीपूरच्या वाटेला लागले. त्याचे पाय अजून भरून येत होते, म्हणून त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. मग तो म्हणाला, “सभेत काय सांगायचे?”

“दोघांचेही निवाडे चुकले, असे सांगायचे.”

“सगळे काय म्हणतील?”

“म्हणू देत,” ती म्हणाली. “तू घरी येतो आहेस.”

ज्यांची भांडणे आहेत त्यांना तिसरा शहाणा भेटो, त्या तिसऱ्याला आपली चूक वेळेवर दिसो, आणि ज्याची होडी त्याच्या काठाला लागो. कहाणी इथे थांबली, ऐकणाऱ्याचे कल्याण होवो.